पायातली वहाण आणि गावाची भाकरी

कोल्हापूरला 'कलापूर' म्हणण्याची रीत जुनी आहे. हे नाव कानी पडले की मनात काही ठरावीक चित्रे उभी राहतात : अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे, केशवराव भोसले यांचे नाटक, बाबूराव पेंटर यांचा कॅमेरा, खासबाग मैदानातील कुस्ती. या मालिकेत वहाणा शिवणाऱ्या कारागिराला सहसा जागा मिळत नाही. ज्या वस्तूने कोल्हापूरचे नाव साता समुद्रांपलीकडे नेले, ती घडविणाऱ्या हाताला कलावंताचा हात म्हणण्याची आपल्याला सवय नाही.

आमच्या मनात हा विचार प्रथम आला तो एका लाजिरवाण्या प्रसंगाने. काही वर्षांपूर्वी धर्मग्रामातील काही कुटुंबांसह आम्ही कोल्हापूर पाहण्यास गेलो होतो. रस्त्याकडेच्या एका गाड्यावर 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून ठेवलेला एक जोड आम्ही घासाघीस करून निम्म्या किमतीत घेतला, आणि तोच पायात घालून सुभाषनगरातील एका वृद्ध कारागिराच्या घरी गेलो. त्यांनी आम्हांला आदराने बसविले, चहा दिला. मग उंबऱ्याशी काढून ठेवलेला तो जोड त्यांनी उचलला, उलटा केला, अंगठ्याने तळ दाबून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "फादर, हे कातडं न्हाई. रेक्झीन हाय, चिकटवलंय." आम्ही ओशाळलो. बोलता बोलता त्यांनी सांगितले की त्यांचा मुलगा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. चपला शिवणाऱ्याच्या घरी मुलगी द्यायला कोणी तयार होत नाही, म्हणून त्याने रापी खाली ठेवली. तीन पिढ्या चालत आलेली विद्या त्या घरात चौथ्या पिढीत थांबणार होती.

कला व संस्कृती यांच्या आधारे ग्रामीण भागाचा आर्थिक विकास साधावा, असे हल्ली पुष्कळ बोलले जाते. विचार चांगला आहे. तथापि गावात कला असली की गावाला भाकरी मिळतेच, असा इतिहासाचा अनुभव नाही. ती कोणत्या अटींवर मिळते आणि कोणत्या कारणांनी हातची जाते, हे कोल्हापूरच्या वहाणेच्या कहाणीतून चांगले समजते. म्हणून ती कहाणी येथे थोडी मुळापासून सांगावयाची आहे.

बलुत्यातली कला

जुन्या गावगाड्यात चर्मकार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात त्या व्यवस्थेचे जे वर्णन केले आहे, ते वाचले म्हणजे कातड्याच्या कामावर शेती किती अवलंबून होती हे ध्यानात येते. विहिरीवरची मोट कातड्याची, तिची सोंड कातड्याची, बैलाच्या जुवाच्या वाद्या कातड्याच्या, आसूड कातड्याचा, आणि काट्याकुट्यांतून चालणाऱ्या कुणब्याच्या पायातले जाड पायताणही कातड्याचे. मोट फाटली तर पिकाचे पाणी तुटे. गुरे मेली की कातडे काढणे, ते कमावणे, कापणे आणि शिवणे ही कामे गावातल्याच निरनिराळ्या हातांत वाटलेली होती.

या कामाचा मोबदला रोख मिळत नसे. सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्याची रास पडली की त्यातून बलुते मोजले जाई. पीक चांगले आले तर पदरात चार पायल्या अधिक. दुष्काळ पडला तर कारागिरानेही उपाशी राहायचे. पायताण साधे शिवले काय किंवा त्यावर नाजूक वेणी घालून, गोंडा लावून सजविले काय, बलुत्यात फरक पडत नसे. कला होती, परंतु तिला किंमत नव्हती. शिवाय ज्याच्या हातचे पायताण घालून गाव चालत होता, त्याचे घर गावकुसाच्या कडेला होते आणि त्याचा स्पर्श टाळला जात होता. पायातली वहाण पायातच शोभते, असे आपल्याकडे म्हणतात. वहाणेसाठी केलेली ही म्हण समाजाने ती घडविणाऱ्या माणसालाही लावली.

आजही कोल्हापुरी वहाणेच्या जुन्या प्रकारांना कापशी, पुकरी, बक्कलनळी, कचकडी अशी नावे आहेत. कापशी हे कागल तालुक्यातील गाव. म्हणजे कोल्हापुरी नावाने जी वस्तू पुढे जगभर गेली ती शहरात जन्मलेली नव्हे. ती खेड्यापाड्यांतल्या, बलुत्यावर जगणाऱ्या कारागिरांच्या हातून घडत आली. शहराने तिला बाजार दिला आणि स्वतःचे नाव दिले.

शाहू छत्रपतींनी काय केले?

बलुत्यातून बाजाराकडे जाण्याची वाट सोपी नव्हती. ती कोल्हापूर संस्थानात ज्यांनी मोकळी केली ते राजर्षी शाहू महाराज. १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला आणि १९२२ साली त्यांचे निधन झाले. या अवघ्या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कलेला दिलेला आश्रय सर्वांना ठाऊक आहे. १८९५ पासून अल्लादियाखाँ दरबारचे गायक झाले. १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले आणि १९१५ साली त्याच्या शेजारी पॅलेस थिएटर. हेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून प्रसिद्धीस आले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते आगीत जळाले तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले.

परंतु महाराजांचे कलेवरील उपकार केवळ या वास्तूंत शोधले तर आपण अर्धेच सत्य पाहतो. १८९५ साली त्यांनी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. तेथे गुळाचा व्यापार वाढला आणि खेड्यातल्या शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा खेळू लागला. १९०६ साली कापडगिरणीचा पाया घातला गेला. भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधण्याचे काम त्यांनी हाती घेतले. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. आणि १९१८ साली बलुतेदारीची पद्धत कायद्याने बंद केली.

या शेवटच्या निर्णयाचे आर्थिक महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही. बलुते बंद झाले याचा अर्थ असा की आता कारागीर गावाचा बांधील राहिला नाही. त्याने आपला माल कोणालाही विकावा, आपला भाव सांगावा, हवा तर धंदा बदलावा. ज्या शेतकऱ्याच्या खिशात गुळाचे पैसे आले होते, तो आता आठवड्याच्या बाजारात आवडीचा जोड रोखीने घेऊ शकत होता. साध्या पायताणाला एक भाव आणि वेणीदार, करकर वाजणाऱ्या चपलेला दुसरा, हा फरक येथून पडू लागला. कलेला किंमत आली ती अशी.

आणि महाराज कायदा करून थांबले नाहीत. गंगाराम कांबळे नावाचे दलित गृहस्थ त्यांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला शिवल्याच्या आरोपावरून त्यांना मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी अपराध्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना चहाचे दुकान काढून दिले. अस्पृश्याच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तेथे थांबून चहा पिऊ लागले, सोबतच्या मंडळींनाही पाजू लागले. धंद्याला भांडवल लागते, पण त्याआधी प्रतिष्ठा लागते, हे त्या राजाने जाणले होते.

ही गोष्ट वाचताना आम्हांला प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील यापो नगर आठवते. तेथे संत पेत्र पुष्कळ दिवस राहिला तो कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी. यहुदी समाजात तो धंदा विटाळाचा मानला जाई. तरीही पेत्राने तेच घर निवडले, आणि परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी जाण्याचे बोलावणे त्याला त्याच घरी आले. ख्रिस्तसभेचे दार सर्व राष्ट्रांना उघडले जाण्याची वाट एका कातडे कमावणाऱ्याच्या अंगणातून गेली आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

गेलेल्या कला, राहिलेली कला

शाहू महाराजांच्या निधनानंतर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १९२२ नंतर अल्लादियाखाँसाहेब मुंबईस गेले. आश्रयदाता गेला की आश्रयावर उभी असलेली कला दुसरे छप्पर शोधते.

चित्रपटाची कथा याहून वेगळी, पण शेवट तोच. बाबूराव पेंटर यांनी आपले शिष्य दामले यांच्या साहाय्याने कोल्हापुरातच कॅमेरा बनविला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२० साली 'सैरंध्री' लोकांपुढे आणला. १९२५ सालच्या त्यांच्या 'सावकारी पाश' या चित्रपटाचा विषय आपल्या चर्चेच्या अगदी जवळचा आहे : सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहरातल्या गिरणीची वाट धरणारा शेतकरी. त्या शेतकऱ्याची भूमिका तरुण शांताराम वणकुद्रे यांनी केली होती. पुढे त्यांनी, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी मिळून १९२९ साली कोल्हापुरात 'प्रभात' कंपनी स्थापन केली. परंतु १९३३ साली प्रभात पुण्यास गेली. खेड्यातून शहराकडे जाणाऱ्या शेतकऱ्याची व्यथा ज्या कलेने दाखविली, तिची मोठी कंपनीही अखेर मोठ्या शहराकडे निघून गेली. भालजी पेंढारकर यांच्यासारख्यांनी कोल्हापुरात चित्रपट जागता ठेवला, हे खरे. पण त्या धंद्याचे भांडवल आणि बाजार या दोन्ही गोष्टी बाहेरच राहिल्या.

चपलेचे तसे झाले नाही. तिला राजाश्रयाची गरज नव्हती, आणि तिचा कारखाना उचलून नेण्याजोगा नव्हता. कारण तो एका इमारतीत नव्हताच.

अशीच एक शेजारची कला मिरजेची. तेथील शिकलगार मंडळी तलवारी, भाले यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा त्यांच्यातील फरीदसाहेब सतारमेकर आदींनी सतारी व तंबोरे बनविण्याची विद्या आत्मसात केली. यशया संदेष्ट्याच्या स्वप्नाची आठवण व्हावी असा हा पालट. मिरजेच्या तंबोऱ्याला लागणारा भोपळा पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या शेतांतून येतो. मैफलीत सूर लागतो तेव्हा त्या सुरात कोणा शेतकऱ्याचेही पीक असते. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाला भाकरी देणारी कला ओळखण्याची खूण हीच, की तिची मुळे आजूबाजूच्या शिवारात, रानात आणि घराघरांत पसरलेली असतात.

एका जोडामागचे गाव

कोल्हापुरी चपलेचा एक जोड समोर ठेवून विचार करावा. तळाचे जाड कातडे बहुधा म्हशीचे. ते चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढले जातात, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या रसात कित्येक दिवस मुरविले जाते. हिरडा सह्याद्रीच्या रानातला. तो वेचणारी माणसे डोंगरातली. कमावलेले कातडे रापीने कापायचे, थर एकावर एक बसवायचे, कडा ठोकून सारख्या करायच्या आणि आरीने भोके पाडून कातड्याच्याच वादीने शिवायचे. अस्सल जोडात लोखंडी खिळा नसतो. अंगठा, पट्टा आणि बाजूचे कान बसले की वर वेणी येते. ही वेणी विणण्याचे, नक्षी पाडण्याचे आणि गोंडे करण्याचे काम बहुतेक ठिकाणी घरातल्या स्त्रिया करतात. उन्हाळ्यात ही वहाण पायाला थंड वाटते आणि जसजशी वापरावी तसतशी पायाच्या आकाराची होते. पावसाळ्यात मात्र ती घालता येत नाही, म्हणून ते चार महिने कारागिराच्या घरी हात आखडतो.

म्हणजे एका जोडात किती घरांची चूल आहे ते पाहा : गुरे पाळणारा, हिरडा वेचणारी, कातडे कमावणारा, कापणारा, शिवणारा, वेणी घालणारी, आणि शेवटी विकणारा. कारखान्यातल्या यंत्राने हीच वस्तू केली तर यांतली बहुतेक घरे गळून पडतात. कलाकुसरीच्या धंद्याचे अर्थशास्त्र येथे आहे. त्यात भांडवल थोडे लागते आणि हात पुष्कळ लागतात. आणि ज्या गावात हात पुष्कळ व काम थोडे, त्या गावाला असलाच धंदा हवा असतो.

पण या साखळीत एक दुखरी कडी आहे. वेणी घालणाऱ्या स्त्रीची मजुरी वेगळी मोजली जात नाही; ती 'घरकामात' धरली जाते. आणि जोडाच्या अंतिम किमतीतला मोठा वाटा कडीच्या शेवटच्या टोकाला, विक्रेत्याकडे राहतो. कारागिराने कातडे उधारीवर घ्यायचे आणि तयार माल त्याच व्यापाऱ्याला त्याने सांगितलेल्या भावात द्यायचा, हा व्यवहार ठिकठिकाणी चालत आला आहे. 'सावकारी पाश' पडद्यावरून उतरला, पण कारागिराच्या ओट्यावरून उठला नाही.

चढती आणि उतरती कळा

विसाव्या शतकाच्या आरंभी जाड पायताणाला नाजूक रूप देण्याचे प्रयोग सुरू झाले. सौदागर घराण्याने १९२० च्या सुमारास पातळ तळाची, दोन्ही बाजूंना कानासारखे पट्टे असलेली 'कानवली' घडविली आणि ती मुंबईच्या दुकानांत खपू लागली, असे या धंद्यात सांगितले जाते. पुढे विजेचे आणि तेलाचे पंप आले, मोट गेली. चर्मकाराचे शेतीतले काम संपले, आणि चप्पल हाच त्याचा मुख्य आधार उरला. १९६० आणि ७० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांतील तरुण पिढीने साधेपणाच्या ओढीने ही वहाण पायात घातली, तेव्हा परदेशी मागणी वाढली.

मागणी वाढली की नक्कल येते. रेक्झीन व प्लास्टिकचे, चिकटवलेले, यंत्रावर छापलेल्या नक्षीचे जोड 'कोल्हापुरी' या नावाने देशभर विकले जाऊ लागले. नाव एकाचे, माल दुसऱ्याचा, आणि नफा तिसऱ्याचा. नकली जोड महिनाभरात उसवला की गिऱ्हाईक दोष देते तो कोल्हापूरला. त्यात कच्च्या मालाची अडचण आली. २०१५ साली महाराष्ट्रात बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी घालणारा सुधारित कायदा लागू झाला. त्या कायद्याच्या गुणदोषांची चर्चा हा आमचा येथील विषय नाही. त्याचा परिणाम म्हणून कातड्याचा पुरवठा आक्रसला, म्हशीच्या कातड्याची ने-आण करणाऱ्यांनाही धाक वाटू लागला, आणि बाहेरच्या राज्यांतून महाग कातडे आणण्याची पाळी आली, एवढे नोंदविले पाहिजे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी, आणि त्यांच्या मध्ये आलेल्या कोरोनाच्या टाळेबंदीने उरलीसुरली उमेदही खचविली.

अशा काळात आशेचा एक किरण सीमेपलीकडून दिसला. बेळगाव जिल्ह्यातील अथणी परिसरात कोल्हापुरी चपला करणारी शेकडो कुटुंबे आहेत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तेथील स्त्रियांचे बचत गट बांधले गेले, त्यांना प्रशिक्षण मिळाले, आणि त्या गटांतून 'टोहोल्ड' नावाची कारागिरांची संस्था उभी राहिली. तिने आपला माल थेट परदेशांत पाठविला. जी मजुरी पूर्वी घरकामात विरून जात होती, ती आता त्या स्त्रियांच्या नावे मोजली जाऊ लागली. चप्पल तीच, कातडे तेच, हातही तेच. बदल झाला तो हिशेबात.

मिलानचा धडा

२०१९ साली 'कोल्हापुरी चप्पल' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे जाहीर झाले. भारतात यासंबंधीचा कायदा १९९९ सालचा, आणि तो २००३ पासून अमलात आला. त्याचे तत्त्व सोपे आहे : जी वस्तू एखाद्या प्रदेशाच्या मातीमुळे, हवेमुळे किंवा परंपरागत कौशल्यामुळे नावारूपाला आली, तिचे नाव त्या प्रदेशाबाहेरच्या उत्पादकाने वापरू नये. फ्रान्समधील शॅम्पेन प्रांताबाहेरच्या द्राक्षारसाला तेथे शॅम्पेन म्हणता येत नाही, तसेच हे. कोल्हापुरीचे मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. सीमेच्या प्रश्नावर दोन्ही राज्ये वर्षानुवर्षे भांडत आली. वहाणेने मात्र ती सीमा कधी मानली नाही.

मग २०२५ चा जून उजाडला. इटलीतील मिलान शहरात प्राडा या प्रसिद्ध कंपनीच्या वस्त्रप्रदर्शनात पुरुषांच्या पायात चक्क कोल्हापुरीसारख्या वहाणा दिसल्या. वर्णनात 'चामड्याचे सँडल' एवढेच होते. कोल्हापूरचा, भारताचा उल्लेखही नव्हता. महाराष्ट्रात संताप उसळला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले, आणि कंपनीने उत्तरात मान्य केले की ही प्रेरणा भारतीय हस्तकलेची आहे. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली; परंतु ज्यांच्या नावे मानांकनाची नोंद आहे त्यांनीच यासाठी दाद मागावयाची, असे सांगून न्यायालयाने ती जुलैमध्ये फेटाळली. ती नोंद दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने या दोन महामंडळांशी करार केला. महाराष्ट्र व कर्नाटकात २,००० जोड बनवून घ्यावयाचे, आणि ते सुमारे ८०० युरोंना, म्हणजे आपल्या ऐंशी हजार रुपयांहून अधिक किमतीला विकावयाचे, असे जाहीर झाले. कारागिरांच्या प्रशिक्षणाचीही त्यात तरतूद सांगितली गेली.

या घटनेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही, की मानांकन नावाचे रक्षण करते. रूपाचे, घाटाचे नव्हे. नाव न घेता कोणी घाट उचलला तर हा कायदा फारसा हात देत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मिलानमध्ये नाव घेतले नाही म्हणून आपण रागावलो, ते योग्यच झाले. पण कोल्हापूरच्या बाजारात जोड विकत घेताना तो कोणी शिवला, त्याचे नाव आपण तरी कधी विचारले आहे? परक्याने गावाचे नाव गाळले. आपण माणसाचे नाव कितीतरी आधी गाळून टाकले होते.

आपला वाटा

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढून श्रमिकाला न्याय्य वेतन मिळाले पाहिजे, असे निक्षून सांगितले. गरजेपोटी कामगाराने कमी मजुरी कबूल केली, एवढ्याने ती मजुरी न्याय्य ठरत नाही, हा त्या शिकवणीचा गाभा आहे. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी आपण श्रमिक संत जोसेफचा सण पाळतो. तो १९५५ साली पोप पायस बारावे यांनी सुरू केला. सुताराच्या घरात वाढलेल्या प्रभूचे आपण अनुयायी. कारागिराशी वागताना हे आपल्याला आठवते काय, हा प्रश्न आम्ही वाचकांना विचारण्यापूर्वी स्वतःला विचारला, आणि त्या गाड्यावरची आमची घासाघीस आम्हांला आठवली. कापडाच्या मोठ्या दुकानात छापील किमतीचे पैसे आपण निमूट मोजतो. हाताने घडविणाऱ्यापुढे मात्र दहा-वीस रुपयांसाठी अडून बसतो.

इतिहासाचा हिशेब मांडला तर असे दिसते : बलुत्याच्या काळात कला होती, पण तिला भाव नव्हता. शाहू महाराजांनी कारागिराला मोकळे केले आणि त्याच्या दाराशी बाजार आणला, तेव्हा कला गावाला पोसू लागली. नंतर बाजार वाढला, पण कारागिराचा मान आणि किमतीतला त्याचा वाटा मागे राहिला, तेव्हा त्याच भरभराटीतून त्याची मुले बाहेर पडली. अथणीत वाटा नीट मोजला गेला, तेथे हात पुन्हा कामाला लागले. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की महोत्सव, प्रदर्शने आणि मानांकने यांचा उपयोग जरूर करावा. परंतु प्रत्येक योजनेला एक प्रश्न विचारावा : यातला किती पैसा शिवणाऱ्याच्या आणि वेणी घालणारीच्या हातात पडणार? आणि त्याच्या मुलाला हा धंदा अभिमानाने सांगता येईल काय?

हे केवळ सरकारचे काम नव्हे. आपल्या धर्मग्रामांत लग्ने होतात, सण होतात, पाहुण्यांचे सत्कार होतात. शाल-श्रीफळाऐवजी अस्सल जोड द्यावा आणि तो थेट कारागिराकडून, त्याने सांगितलेल्या भावाने घ्यावा. आपल्या शाळांतील मुलांना संग्रहालयाप्रमाणेच एखाद्या कारागिराच्या ओट्यावरही न्यावे. आणि जेथे स्त्रिया घरबसल्या हातकाम करतात, तेथे त्यांच्या मजुरीचा वेगळा हिशेब ठेवला जातो की नाही, ते धर्मग्रामाच्या बचत गटांनी पाहावे.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा सुभाषनगरात गेलो. त्या वृद्ध कारागिरांनी आमच्या पायाचे माप कागदावर पेन्सिलीने काढले. भाव त्यांनी सांगितला. आम्ही काही न बोलता दिला. चार आठवड्यांनी जोड तयार झाला, तेव्हा तो आणून देण्यासाठी त्यांचा मुलगाच आला होता. कारखान्याची सुटी होती. जोड आमच्यापुढे ठेवून त्याने डाव्या वहाणेच्या वेणीकडे बोट केले आणि म्हणाला, "ही आईनं घातलीय." मग क्षणभर थांबून, "उजवी मी."